एकटी जा, पण बेपत्ता होऊ नका

पुण्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगते. ती बँकेत नोकरी करते, दोन मुलं आहेत, आणि येत्या मे महिन्यात तिला चाळीस वर्षं पूर्ण होतील. धाकट्याच्या बाळंतपणानंतर वजन कमी करायचं म्हणून धावायला लागली, आणि मग ते सुटलंच नाही. आज ती अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत पुरी करते, बहुतेक रविवारी सिंहगड चढते, कात्रज ते सिंहगड ही रात्रीची चाल तिनं दोनदा केली आहे. आता वाढदिवसाच्या दिवशी तिला सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तिन्ही किल्ले एकटीनं, एका दिवसात, धावत जोडायचे आहेत. तिनं आखलेली वाट पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते.

घरी विरोध आहे. नवरा म्हणतो, ग्रुपबरोबर जा, नाहीतर शर्यतीत नाव घाल. अगदीच ऐकायचं नसेल तर फोनचं लाइव्ह लोकेशन तरी चालू ठेव. सासूबाई म्हणाल्या, "दोन लेकरांची आई आहेस, हिरकणी आहेस का तू?" अकरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "मग मी दिवसभर घड्याळ बघत बसू का?" मैत्रीण लिहिते, "लोकेशन चालू ठेवलं तर ते एकटीनं केलं असं म्हणता येईल का? मला एक दिवस कुणाचा पहारा नको. कुणाला न सांगता पहाटे निघून जावं असंही मनात येतं. मी स्वार्थी आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तो पत्रभर टोचत राहणार नाही. नाही, तुम्ही स्वार्थी नाही. चौघांचे डबे, औषधं, परीक्षा, हप्ते हे सगळं वर्षभर डोक्यात घेऊन फिरणाऱ्या बाईला एक दिवस फक्त स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकावासा वाटला, तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. 2019 च्या जानेवारीत जॅस्मिन पॅरिस या ब्रिटिश धावपटूनं स्पाइन रेस जिंकली. पेनाइन वे या डोंगरवाटेवरची ही 268 मैलांची शर्यत, ऐन हिवाळ्यात. तिला 83 तास 12 मिनिटं लागली आणि सगळे पुरुष तिच्या मागे होते. तेव्हा तिची मुलगी चौदा महिन्यांची होती, आणि वाटेतल्या थांब्यांवर ती अंगावरचं दूध काढत होती. मूल लहान असताना डोंगरात जाणारी तुम्ही पहिली आई नाही.

पण याच शर्यतीतली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. तिथे प्रत्येक धावपटूजवळ जीपीएस ट्रॅकर असतो, आणि तो कुठे पोचलाय हे घरी बसलेली माणसं नकाशावर बघत असतात. बर्फात, अंधारात, तासन् तास आजूबाजूला चिटपाखरू नसताना ती माणसं धावत असतात. नकाशावर एक ठिपका हलतोय म्हणून त्यांच्या पायातला गोळा कमी होत नाही, की चढ दुसरं कुणी चढून देत नाही.

मला वाटतं, तुमच्या पत्रात दोन इच्छा एकाच शब्दात गुंडाळल्या गेल्या आहेत. स्वतःच्या बळावर, स्वतःच्या निर्णयानं हा पल्ला मारायचा, ही एक. त्या दिवशी मी कुठे आहे हे कुणालाच कळू नये, ही दुसरी. दोन्हींना तुम्ही 'एकटी' म्हणताय. पहिलीला माझा मनापासून पाठिंबा आहे. दुसरीबद्दल मला तुमच्याशी भांडायचं आहे, कारण डोंगरात ती जिवावर बेतते.

ज्यांनी अशा एकल धावांचे विक्रम नोंदवण्याची पद्धत घातली, त्यांनाही हा प्रश्न पडला होता. एखाद्या वाटेवरच्या सगळ्यांत जलद ज्ञात वेळेला ते एफकेटी म्हणतात आणि तिचे तीन प्रकार मानतात. एकात सोबत मदतीची माणसं असतात. दुसऱ्यात खास तुमच्यासाठी कुणी उभं राहायचं नाही, पण वाटेतल्या दुकानातून, हॉटेलातून जे कुणालाही मिळतं ते घ्यायला मुभा असते. तिसऱ्यात नैसर्गिक पाणी सोडून सगळं निघतानाच पाठीवर घ्यायचं. घरी कुणाला ठाऊक आहे की नाही, ट्रॅकर चालू होता की बंद, यावरून हे प्रकार ठरत नाहीत. उलट ट्रॅकरची नोंद हा पुरावा म्हणून हवाच असतो. मी तुमच्या जागी असते तर दुसरा प्रकार घेतला असता. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात चहा प्या, लिंबू सरबत प्या, राजगड-तोरण्याच्या मधल्या धारेवर कुणी ताक दिलं तर तेही घ्या. त्यानं तुमचा पराक्रम तसूभर कमी होत नाही.

ताकाचं बोलले, कारण त्याच धारेवर मला एकदा ते मिळालं होतं. बरीच वर्षं झाली. मी एकटीच राजगडावरून तोरण्याकडे निघाले होते. तुमच्यासारखीच घुश्श्यात होते आणि घरी फक्त "किल्ल्यावर जातेय" एवढंच सांगितलं होतं. आळू दरवाज्यातून बाहेर पडून उतरताना घसाऱ्यावर उजवा पाय गेला आणि घोटा वळला. हाड मोडलं नव्हतं, पण बुटाची लेस सोडताच घोटा बघता बघता लिंबाएवढा फुगला. मी एका खडकाला टेकून बसले. फोनला रेंज नव्हती. खाली दोन्हीकडे दरी, वाऱ्यानं गवत एका अंगाला झुकलेलं. आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मला शोधायचं असं कुणी ठरवलंच, तरी कुठे शोधायचं हे जगात एकाही माणसाला माहीत नाही. महाराष्ट्रात किल्ले किती, आणि मी सांगितलेला शब्द एकच, 'किल्ला'. तो तास मी अजून विसरलेले नाही.

तासाभरानं एक धनगर आजी काठी टेकत आल्या. हातात कळशी, डोक्यावर पदर. माझ्या घोट्याकडे बघून त्यांनी आधी त्यांच्याच भाषेत मला झापलं, मग त्यांच्या झापात, म्हणजे झोपडीत, नेऊन ताक दिलं, घोट्याला हळद लावून फडकं बांधलं. मी म्हटलं, "बरं झालं तुम्ही आलात, मी एकटीच होते." त्या म्हणाल्या, "एकटी कुठं? मगाधरनं बगतीया की तुला त्या सोंडेवरनं. उठली न्हाईस, म्हून आले."

त्या बघत होत्या म्हणून माझ्या एकटेपणाला काही झालं नव्हतं. मला ते माहीतही नव्हतं. मात्र त्या बघत नसत्या तर ती रात्र मी तिथेच काढली असती. तुमच्या नवऱ्याला त्या सोंडेवर बसू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तारखेबद्दल. इथे मी मऊ बोलणार नाही. मे महिन्यात हे करू नका. चाळिसाव्या वाढदिवसाची ओढ मला कळते, पण सह्याद्रीला आपली पत्रिका माहीत नसते. राजगड-तोरणा धार जवळजवळ उघडी आहे. उन्हाळ्यात गवत वाळून किंवा वणव्यात जळून गेलेलं असतं, पायाखाली सुटी माती आणि बारीक खडे उरतात, आणि काळा कातळ दहा वाजल्यापासून तव्यासारखा तापतो. गडांवरची टाकी खाली गेलेली असतात, धारेवर तर भरवशाचं पाणी एरवीही नाही. त्या उन्हात पळणाऱ्या शरीराला जेवढं पाणी लागतं, तेवढं पाठीवर घेतलं तर पळता येत नाही, आणि घेतलं नाही तर पोचता येत नाही. उष्माघाताची वाईट खोड अशी की आधी तो डोकं बिघडवतो. थांबायला हवं हे ज्या डोक्यानं ठरवायचं, तेच भ्रमात जातं. सोबत कुणी असेल तर त्याला कळतं की ही बाई असंबद्ध बोलतेय. एकटीला कोण सांगणार?

डिसेंबर किंवा जानेवारी घ्या. वाढदिवसाला सिंहगडावर पहाटे जा, घरच्यांना घेऊन जा, पिठलं-भाकरी खा आणि तिथून राजगड-तोरण्याकडे बघून तारीख जाहीर करा. मधल्या सहा-सात महिन्यांत तयारी होईल. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर आणि ढगात हरवलेल्या वाटेवर एकटीनं जाऊ नका. ऑक्टोबरातही गवत कमरेएवढं असतं, ढोरवाटा आणि माणसांच्या वाटा त्यात सारख्याच दिसतात. चकवा लागतो म्हणतात तो बहुतेक याच दिवसांत. गवत बसलं, हवा थंड झाली, की वाट आपली आपण उघडी पडते.

थंडीत एकच अडचण, दिवस लहान. सातच्या सुमाराला सूर्य उगवतो, सहाला मावळतो. म्हणजे हातात अकरा तास उजेड. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो अजून वापरतात: तासाला पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. तुमचे पन्नास किलोमीटर म्हणजे दहा तास. तीन किल्ल्यांचे चढ मिळून 2000 मीटर जरी धरले, तर आणखी तीन तासांहून जास्त. हा चालणाऱ्याचा हिशेब आहे आणि तुम्ही धावणार आहात हे खरं. पण त्यात वाट चुकणं नाही, बुटातला खडा काढणं नाही, राजगडाच्या चोरवाटेवर समोरून उतरणाऱ्या शाळेच्या सहलीला वाट देणं नाही. त्यामुळे सिंहगड अंधारातच चढायचा. तो तुमच्या पायाखालचा आहे, तेवढं चालेल. आणि पाठीवर डोक्याला लावायची विजेरी दोन, दिवसाउजेडी परतायचं ठरलं असलं तरी.

आता तुमच्या पायांबद्दल. अर्धमॅरेथॉनची वेळ चांगली आहे, पण ती डांबरावरची आहे. डोंगरात दम कमी पडत नाही, मांड्या कमी पडतात, आणि त्या चढताना नव्हे, उतरताना जातात. सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यातून खाली उतरणं, राजगडावरून आळू दरवाज्याबाहेरचा उतार, आणि शेवटी तोरण्याच्या बिनी दरवाज्यातून पायथ्याच्या वेल्ह्याकडे, हे तीन उतार तुमची परीक्षा घेतील. तिसरा तर संपूर्ण थकलेल्या पायांनी. दर रविवारी सिंहगड चढता तेव्हा उतरताना घड्याळ लावा. गुडघ्यात वाकून, छोटी छोटी पावलं टाकत, टाचेवर ब्रेक न लावता उतरायची सवय करा. महिन्यातून एकदा लागोपाठ दोनदा सिंहगड.

मग तुकडे पाडा. सिंहगड ते विंझर-गुंजवणे एक दिवस, गुंजवणे-राजगड-तोरणा दुसऱ्या दिवशी, हे आधी कुणाबरोबर तरी चाला. चाला म्हणते, धावा नाही. चालताना वाट डोळ्यांत बसते: कुठल्या झाडापाशी डावीकडे वळायचं, कुठली सोंड फसवी आहे, कोणत्या घराशी कुत्रा आहे. तोरण्यावरचा रडतोंडी बुरुजाजवळचा आणि बुधला माचीकडे चढतानाचा अवघड भाग दोन हात मोकळे ठेवून, घाई नसताना करून बघा. तो तुम्हाला शेवटी, दमलेल्या अवस्थेत, कदाचित कलत्या उन्हात करायचा आहे. त्यानंतर हेच तुकडे एकटीनं. मग पूर्ण पल्ला. या क्रमात एक फायदा दडलेला आहे: घरचे तुम्हाला चार वेळा जाऊन चार वेळा परत आलेलं बघतील. नवऱ्याला पटवण्यासाठी याहून चांगला युक्तिवाद मला माहीत नाही.

तुमच्या पत्रात नवरा खलनायकासारखा येतो, पण त्याच्या तोंडची वाक्यं नीट वाचली तर तो एक-एक पाऊल मागे सरकलेला दिसतो. आधी ग्रुप, मग शर्यत, मग निदान लोकेशन. तुम्हाला त्यात पहारा दिसला. मला घाबरलेला माणूस घासाघीस करताना दिसला. एकदा मुलं झोपल्यावर त्याला विचारा, "तुला नेमकी कशाची भीती वाटते?" आणि उत्तर मधे न तोडता ऐका. पडण्याची असेल तर त्यावर तयारी हे उत्तर आहे. माणसांची असेल तर वेगळं उत्तर आहे. आणि कदाचित भीती अशीही असेल की ही बाई आपल्यावाचून सुखी असते. तसं असेल तर त्याचं उत्तर डोंगरात नाही, घरातच द्यावं लागेल, आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागेल.

फक्त एक फरक त्याच्याशी बोलताना स्वतःच्या मनात स्वच्छ ठेवा. तुम्ही परवानगी मागत नाही आहात, माहिती देत आहात. "जाऊ का?" असं विचारू नका. "मी डिसेंबरात जातेय, या वाटेनं, या वेळांनी, आणि अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर तू हे करायचंस" असं सांगा. त्यानं तो पहारेकरी राहत नाही, तुमच्या बेतातला माणूस होतो.

सासूबाईंचं हिरकणीचं वाक्य तुम्हाला लागलं आहे. मला त्यात तथ्यही दिसतं. गोष्टीतली हिरकणी कडा उतरली ती दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ होतं म्हणून. तिला दुसरी वेळ, दुसरी वाट निवडायची सोय नव्हती. तुम्हाला महिना निवडता येतो, हवा बघता येते, अर्ध्यावरून फिरता येतं. हे सगळं हाताशी असताना वापरायचं नाही, यात शौर्य नाही.

फिरण्याची जागा घरी बसूनच ठरवा. राजगडावर पोचायला ठरवल्यापेक्षा उशीर झाला, समजा दुपारचा एक वाजून गेला, तर आळू दरवाज्यातून बाहेर पडायचं नाही. गुंजवण्याला उतरायचं, तिथे दोन किल्ले झाले म्हणून वडापाव खायचा. त्याहून पुढे गेलात आणि पाय बोलायला लागले, तर राजगड आणि तोरणा यांच्या मधल्या खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, ती दुसरी सुटकेची जागा. त्यानंतर तोरण्याची चढण सुरू झाली की मधे सोडणं कठीण. या दोन जागा आणि त्यांच्या वेळा हातावर पेनानं लिहा. त्या क्षणी ठरवायला गेलात तर मन तुमच्याशी खोटं बोलेल.

मदत मागण्याबद्दलही बोलते, कारण तुमच्या पत्राचा सूर मला असा वाटतो की तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत फोन करणार नाही. किलियन जॉर्नेट हा आजच्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या डोंगरधावपटूंपैकी एक. 2013 च्या सप्टेंबरात तो आणि एमिली फोर्सबर्ग फ्रान्समध्ये शामोनीजवळच्या एका कड्यावर हलक्या सामानानिशी गेले, खराब हवेत अडकले आणि त्यांनी बचाव पथकाला बोलावलं. टीका झाली, त्यानं चूक कबूल केली, आणि दोघंही जिवंत परतले. आपल्याकडे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. ठिकठिकाणचे अनुभवी गिर्यारोहक त्यातून मदतीला येतात. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आणि 112 फोनमध्ये तर ठेवाच, कागदावरही लिहून ठेवा, कारण फोन पडून फुटतो.

फोनच्या भरवशाबद्दल एक इशारा. परदेशातले धावपटू उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं बाळगतात, ती मागवावीत असं तुम्हाला कुणीतरी सुचवेल. आपल्या देशात परवानगीशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे आणि त्यावरून लोकांना विमानतळावर ताब्यात घेतलं गेलं आहे. त्या फंदात पडू नका. साधा फोन, आधी उतरवून घेतलेला नकाशा, पॉवर बँक. लाइव्ह लोकेशन रेंज असेल तिथेच पुढे सरकेल, दरीत गोठून बसेल, हे नवऱ्याला आधीच समजावून सांगा, नाहीतर ठिपका तासभर हलला नाही की तो गाडी काढेल. म्हणून लोकेशनपेक्षा ठरलेल्या जागांवरून केलेला छोटा निरोप जास्त कामाचा: सिंहगडाखालचं कल्याण गाव, गुंजवणे, राजगडाची पद्मावती माची, खिंड, तोरण्याचं मेंगाई मंदिर. "पोचले, बरी आहे, निघाले." रेंज नसेल तर पुढच्या जागेवरून. लागोपाठ दोन निरोप चुकले आणि ठरलेली वेळ टळली, तर मदतीला फोन.

गळ्यात शिट्टी असू द्या. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. संकटाची ही खूण डोंगरात फिरणारे जगभर ओळखतात. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते.

आणि एक विंडचीटर. डिसेंबरात कशाला, असं वाटेल. 22 मे 2021 ला चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. 172 धावपटू सुटले. उंचावर एकाएकी गारा, पाऊस आणि बोचरा वारा आला. बहुतेकांच्या अंगात पातळ कपडे होते, वारा अडवणारं जाकीट सक्तीचं नव्हतं. 21 जण गेले, त्यांत चीनमधले नामांकित धावपटू होते. ती आयोजित शर्यत होती, आजूबाजूला माणसं होती, नंबर होते, ट्रॅकर होते. म्हणून नवऱ्याचं 'शर्यतीत नाव घाल' हे सगळ्यावरचं उत्तर नाही, हे त्यालाही सांगा. त्या दिवशी सहा धावपटूंचे प्राण एका मेंढपाळानं वाचवले. वादळात आडोशाला तो एका गुहेत शिरला होता, तिथे त्यानं त्यांना आणून शेकोटी करून दिली. हे वाचलं तेव्हा मला त्या धनगर आजी आठवल्या. वाटेवरच्या माणसांशी बोलत जा. तयारीच्या फेऱ्यांमध्ये धारेवरच्या झापांशी थांबा, नाव विचारा, पाणी मागा, पुढच्या वेळी मुलांसाठी काही खाऊ न्या. डिसेंबरात तुम्ही पळत जाल तेव्हा त्या वाटेवर तुम्हाला ओळखणारी चार माणसं असतील.

यातून माणसांच्या भीतीचंही अर्धं उत्तर मिळतं. बाईनं एकटीनं डोंगरात जाणं म्हणजे फक्त साप आणि दरी नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. माझा अनुभव असा की गावातली माणसं आपली काळजी घेतात. सुट्टीच्या दिवशी शहरातून येणारी टोळकी मात्र टाळावीत. शनिवारची रात्र आणि रविवार सोडा, आठवड्यातला एखादा दिवस रजा टाकून घ्या. सिंहगडाची अंधारातली चढाई नेहमीच्या वाटेनं करा, तिथे पहाटे चढणारी नेहमीची मंडळी असतात. इन्स्टाग्रामवर आधी तारीख आणि वाट जाहीर करू नका. परत आल्यावर हवे तेवढे फोटो टाका. आणि पोटातून वाटलं की इथे काहीतरी बरोबर नाही, तर कारण शोधत बसू नका, वळा.

बारीकसारीक आणखी दोन-तीन. अंगाला अत्तर, वासाचं सनस्क्रीन लावून जाऊ नका. या किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. पोळं दिसलं तर आवाज न करता पुढे सरका. वाळक्या पाल्यात आणि दगडांच्या सांदीत बघितल्याशिवाय हात घालू नका. साप चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो भाग शक्य तितका स्थिर ठेवून मदत बोलवायची आणि थेट रुग्णालय. नुसतं पाणी ढोसत राहू नका, त्यानं रक्तातलं मीठ उतरतं आणि गरगरायला लागतं. ओआरएसची पाकिटं ठेवा. खायला गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, चटणी-भाकरीची गुंडाळी. महागड्या जेलची सवय नसेल तर ती त्या दिवशी पहिल्यांदा पोटात घालू नका.

कुणाला न सांगता पहाटे निघून जाण्याची इच्छा मात्र मी अशीच सोडून देणार नाही, कारण ती फक्त डोंगराबद्दल नाही असं मला वाटतं. कुणाला उत्तर द्यावं लागू नये, असा दिवस तुम्हाला हवा आहे. तो दिवस डोंगरात नका घेऊ, पण घ्या. एखाद्या मंगळवारी रजा टाका, फोन बंद करा, लक्ष्मी रोडवर भटका, एकटीनं सिनेमा बघा, संध्याकाळी घरी या आणि कुठे होतीस याचं उत्तर देऊ नका. शहरात बेपत्ता होण्यात मजा आहे आणि धोका थोडा. ती भूक तिथे भागली, तर डिसेंबरातली धाव निखळ धावेसाठी उरेल. आणि भागली नाही, वर्षभर पुरून उरली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आपण किल्ल्यांबद्दल बोलणार नाही.

राहिली मुलगी. "घड्याळ बघत बसू का?" या प्रश्नावर तुम्ही "वेडी आहेस का" म्हणून हसून वेळ मारून नेली, असं लिहिलं आहे. तिला खरं उत्तर द्या. घड्याळ बघायचं आणि फोन करायचं काम बाबांचं आहे, तुझं नाही, हे स्पष्ट सांगा. अकरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ते नको. तिला दुसरं काम द्या. मोठ्या कागदावर तिच्याकडून वाट काढून घ्या: तीन किल्ले, मधली गावं, खिंडीतला रस्ता, आळू दरवाजा, तिथे तुमची ठरलेली वेळ. कागद फ्रिजवर लावा. तुमचा एकेक निरोप येईल तसा तिनं तिथे रंग भरायचा. वेल्ह्याची चौकट तिला रिकामी ठेवायला सांगा, ती तुम्ही घरी आल्यावर दोघींनी मिळून भरायची. आणि तुम्ही खिंडीतून किंवा गुंजवण्यातून परत फिरलात, तर तोरणा पुढच्या वर्षीसाठी कोरा ठेवायचा, हे तिला आधीच सांगून ठेवा.